केसपेपर जाड झाला, की पुढचं बोलून घ्या

भडगावच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा गावातल्या कुठल्याही खासगी दवाखान्यात सकाळी बाकड्यांवर नजर टाका. साठी-सत्तरी ओलांडलेली माणसं बरीच दिसतील. कुणाच्या बीपीच्या गोळ्या संपल्या आहेत, कुणाला चार पावलांत दम लागतो, कुणाच्या पायांवरची सूज उतरत नाही. डॉक्टर तपासतात, गोळ्या लिहून देतात, ‘महिन्याने या’ म्हणतात. रांग पुढे सरकते.

यातली बरीच माणसं महिन्याने तशीच परत येतात. ठणठणीत नसली तरी टिकून असतात. काहींचं मात्र वेगळं असतं. दर खेपेला ती थोडी वाकलेली, थोडी हलकी, थोडी गप्प होऊन येतात. दर खेपेची तक्रार नवी असते, म्हणून उपचारही तेवढ्या तक्रारीपुरते होतात. गेल्या सहा महिन्यांत माणूस एकूण किती खाली आला, याची नोंद कुठेच होत नाही. मग एका रात्री धावपळ करून त्यांना पाचोरा, चाळीसगाव किंवा जळगावला नेलं जातं, आयसीयूच्या दारात सही मागितली जाते, आणि घरातल्या आबांना स्वतःला काय हवं होतं याचा विचार तेव्हा पहिल्यांदा होतो. आबा त्या वेळी बोलण्याच्या अवस्थेत नसतात.

हा विचार ओपीडीतच, आबा खुर्चीवर बसून बोलत असताना करता येतो. फक्त तो कुणाच्या बाबतीत आता करायला हवा, हे ओळखता आलं पाहिजे. ओळखण्याचं निम्मं काम डॉक्टरांचं आणि निम्मं सोबत येणाऱ्या सुनेचं, मुलाचं, नातवाचं. हा लेख दोघांसाठी आहे.

उपशामक सेवा कशासाठी असते

या विचारातच पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे उपशामक सेवा, येते. पण तिचं नाव काढलं की ‘डॉक्टरांनी हात टेकले’ असा अर्थ बहुतेक घरांत घेतला जातो. प्रत्यक्षात पूर्ण बऱ्या न होणाऱ्या गंभीर आजारात माणसाच्या वेदना, दम, मळमळ, उडालेली झोप, मनातली भीती आणि घरच्यांचा थकवा या सगळ्यांची नीट सोय लावणं म्हणजे ही सेवा. हृदयाच्या गोळ्या, डायलिसिस किंवा केमोथेरपी चालू असतानाही ती घेता येते.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. फुप्फुसाचा कर्करोग शरीरात पसरलेल्या रुग्णांपैकी काहींना निदानानंतर लगेच नेहमीच्या उपचारांच्या जोडीला ही सेवा दिली गेली. त्या रुग्णांचं रोजचं जगणं सुसह्य झालं, मनाची उदासी कमी राहिली, शेवटच्या दिवसांत जबरी उपचारही कमी झाले. तरीही ते इतरांपेक्षा जास्त जगले: इतरांचा मध्यक काळ ८.९ महिने, तर त्यांचा ११.६ महिने. ‘ही सेवा घेतली म्हणजे आयुष्य आखडलं’ ही भीती बाळगण्याचं कारण नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना अशा सेवेची गरज असते, आणि मिळते ती जेमतेम १४ टक्क्यांना. उरलेल्यांपैकी कित्येकांची गरज वेळेत कुणाच्या लक्षातच येत नाही.

दिवाळी ते आखाजी: सहा महिन्यांचा हिशेब

‘आज कसं वाटतंय?’ या प्रश्नाला म्हातारी माणसं ‘बरं आहे’ असंच उत्तर देतात. त्यातून काही कळत नाही. आपल्याकडे सहा महिने मोजायला दोन सण पुरेसे आहेत. दिवाळीला माणूस कसा होता आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) कसा आहे, हे शेजारी-शेजारी मांडा. स्कॉटलंडमधल्या एडिंबरा विद्यापीठाच्या पुढाकाराने २०१० पासून ‘स्पिक्ट’ नावाची एक यादी वापरात आली. पुढच्या बहुतेक खुणा त्या यादीशी जुळणाऱ्या आहेत आणि त्या पाहायला कुठलंही यंत्र लागत नाही.

• हालचाल: दिवाळीला वावरात चक्कर मारून येणारा माणूस आता ओट्यापर्यंतच येतो का? दिवसाचा निम्म्याहून जास्त वेळ खाटेवर किंवा खुर्चीत जातो का?

• वजन: बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या, सदरा अंगावर लोंबू लागला, गालफडं बसली. ६० किलोचा माणूस सहा महिन्यांत ५४ वर आला, तर १० टक्के वजन गेलं. ही गंभीर बाब आहे. दर भेटीत वजन करून केसपेपरवर लिहून घ्या.

• भरती: आधी न ठरवता, अचानक दवाखान्यात ठेवण्याची वेळ सहा महिन्यांत दोनदा आली का? आणि घरी आल्यावर माणूस पूर्वीइतका सावरला का?

• आधार: आंघोळ, कपडे, संडास, जेवण यांपैकी कशासाठी नव्याने दुसऱ्याचा हात लागतो?

• पडणं: न्हाणीघरात, उंबऱ्यात, रात्री उठताना.

• न हटणारा त्रास: औषधं नियमित घेऊनही वेदना, दम किंवा अशक्तपणा हटत नाही.

• त्यांचे स्वतःचे शब्द: ‘आता मला कुठे नेऊ नका’, ‘सुया पुरे झाल्या’. हे रागात म्हटलंय असं समजून सोडून देऊ नका.

• सांभाळणाऱ्याची दमछाक: सुनेची झोप उडाली, तिचंच बीपी वाढलं, कामावर खाडे पडू लागले.

दवाखान्यात करता येण्यासारखी एक सोपी चाचणीही आहे. खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या चालीने ३ मीटर जायचं, वळून परत यायचं आणि बसायचं. काठी वापरत असतील तर काठीसह. याला १२ सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागला, तर पडण्याचा धोका आहे आणि ताकद घटली आहे असं समजावं. व्हरांड्यात नर्सताई किंवा आशाताईसुद्धा ही चाचणी घेऊ शकतात.

कोणत्या आजारात काय पाहायचं

सगळे आजार एकाच वाटेने जात नाहीत. कर्करोगात माणूस बराच काळ चालता-फिरता राहतो आणि शेवटच्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत झपाट्याने खचतो. तंबाखू-गुटख्यामुळे तोंडाचा कर्करोग आपल्या भागाला अनोळखी नाही. त्यात ‘अजून तर चांगले दिसतात’ म्हणून थांबण्यात वेळ हातचा जातो. निदान झालं त्याच महिन्यात हे बोलणं सुरू करावं.

हृदय, फुप्फुस आणि किडनीच्या आजारांची चाल निराळी. उन्हाळ्यात गिरणेला आवर्तन सुटलं की काठच्या विहिरींचं पाणी चढतं, पुन्हा उतरतं, आणि दर खेपेला थोडं आणखी खाली जातं. तसं या रुग्णांचं होतं. भरती झाली, इंजेक्शनं लागली, सूज उतरली, माणूस घरी आला. घरच्यांना वाटतं, झालं बरं. पण आधीच्या पातळीला तो पोचलेला नसतो. बसल्या जागी दम लागणं, रात्री उशा रचून झोपावं लागणं, घरी ऑक्सिजन लागणं, किडनीचा आजार चौथ्या-पाचव्या टप्प्यात पोचणं ही पुढच्या काळाच्या नियोजनाची वेळ आहे. आयुष्यभर चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या आजीला बिडी न ओढताही फुप्फुसाचा जुनाट आजार असू शकतो. ‘वयाने दम लागतो’ म्हणून तो झटकू नये.

तिसरी वाट स्मृतिभ्रंशाची आणि वयाच्या क्षीणतेची. ती लांब, संथ आणि घरच्यांना सर्वांत जास्त दमवणारी असते. कपडे घालता न येणं, लघवी-शौचावर ताबा न राहणं, घास तोंडात धरून ठेवणं, गिळताना ठसका लागणं, छातीत वारंवार कफ होऊन ताप येणं या पुढच्या टप्प्याच्या खुणा. या वाटेवर बोलणं मात्र सर्वांत लवकर व्हायला हवं. विसराळूपणा नुकताच सुरू झालेला असताना माणूस आपलं मत नीट सांगू शकतो. दोन-तीन वर्षांनी ते जमेलच असं नाही.

कायमचा एखादा आजार आणि त्याच्या जोडीला वरच्या यादीतल्या दोन-तीन खुणा, एवढं जुळलं तरी डॉक्टरांकडे विषय काढा.

आधी दुरुस्त होणारं कारण शोधा

इथे एक खबरदारी घ्यायलाच हवी. म्हातारं माणूस खचलं म्हणजे ते शेवटाकडेच निघालं, असं नसतं. खानदेशातल्या मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो तेव्हा शरीरातलं पाणी कमी होऊन माणूस चार दिवसांत बरळायला लागतो, उठेनासा होतो. त्यात सूज उतरवायची लघवीची गोळी चालू असेल, तर शरीरातलं पाणी आणखी घटतं. रक्तातलं सोडियम उतरणं, लघवीचा संसर्ग, रक्ताची कमतरता, थायरॉइड, जीवनसत्त्व बी-१२ ची उणीव, वाढत गेलेला मोतीबिंदू, बसेनाशी झालेली कवळी, जोडीदार गेल्यानंतरचं नैराश्य यांपैकी काहीही माणसाला खाटेला खिळवू शकतं. यातलं बरंचसं दुरुस्त होतं.

औषधंसुद्धा कारण असतात. जेवण अर्ध्यावर आलेल्या माणसाला साखरेच्या गोळ्या जुन्याच मापाने चालू राहिल्या, तर साखर एकदम उतरून तो बेशुद्ध पडू शकतो. बीपीची मात्रा जास्त होत असेल, तर उठताना घेरी येऊन पडतो. म्हणून पुढच्या भेटीला घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून न्या. जळगावच्या डॉक्टरांची, भडगावच्या डॉक्टरांची, मेडिकलवरून परस्पर आणलेली, आयुर्वेदिकही. ‘यातलं काय आता बंद करता येईल?’ असं स्पष्ट विचारा. मात्र स्वतःहून काही बंद करू नका.

तपासण्या झाल्या, दुरुस्त होणारं दुरुस्त केलं आणि तरीही उतरण चालूच असेल, तर नियोजन लांबवू नका.

डॉक्टरांनी मनाशी विचारायचा प्रश्न

‘हा रुग्ण येत्या वर्षभरात गेला, तर मला आश्चर्य वाटेल का?’ अमेरिकी डॉक्टर जोआन लिन यांच्या नावाशी जोडलेला हा प्रश्न ब्रिटनमधल्या ‘गोल्ड स्टँडर्ड्स फ्रेमवर्क’मुळे जगभर पोचला. उत्तर ‘नाही वाटणार’ असं आलं, तर नियोजनाचं बोलणं सुरू करायचं, एवढाच त्याचा उपयोग. ते भाकीत नव्हे. असं उत्तर आलेले कित्येक रुग्ण वर्षाच्या पुढेही जगतात, आणि कर्करोग सोडून इतर आजारांत अंदाज जास्त चुकतो. म्हणून हा प्रश्न एकट्याने वापरू नये. वजन, चाल, भरती आणि घरच्यांचं सांगणं यांच्या जोडीने वापरावा. रुग्णाला किंवा नातेवाइकांना वर्ष-महिन्यांचा आकडा देण्यासाठी तर मुळीच नको.

गर्दीच्या ओपीडीत हे जमवण्याचा एक मार्ग आहे. नर्सने केसपेपरवर आधीच वजन आणि गेल्या सहा महिन्यांतल्या भरत्या लिहून ठेवायच्या. खुणा जुळत असतील, तर कोपऱ्यात एक ठळक फुली मारायची. फुली असलेल्या रुग्णाला त्याच दिवशी घाईत काही न सांगता ‘येत्या आठवड्यात दुपारी या, घरातलं कुणीतरी सोबत आणा’ असं सांगायचं.

बोलायचं कसं, कुणासमोर

आपल्या घरांत दोन अडचणी ठरलेल्या. एक: ‘डॉक्टर, त्यांना काही सांगू नका, हाय खातील.’ दुसरी: प्रश्न आईला विचारला, तरी उत्तर मुलगा देतो.

पहिलीवर उपाय असा की सांगण्यापासून सुरुवात करूच नये, विचारण्यापासून करावी. ‘आबा, तुमच्या दुखण्याबद्दल तुम्हाला काय वाटतं? सगळं तपशिलात जाणून घ्यायला आवडेल की मुलाशी बोलू?’ बऱ्याचदा म्हाताऱ्याला सगळं माहीत असतं आणि तोच मुलांना जपत असतो. ज्याला जाणून घ्यायचं नाही, त्याच्यावर लादू नये. दुसऱ्या अडचणीवर उपाय म्हणजे आजीशी दहा मिनिटं एकटीशी बोलणं. तिची बोली बोलता येत असेल तर उत्तम. ‘तुमले कसानी काळजी वाटस?’ एवढं विचारलं, तरी फॉर्मवर न येणारं बरंच काही बाहेर पडतं.

विचारायचे प्रश्न मोजके ठेवा:

१. येत्या काळात तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं काय आहे? (नातीचं लग्न, घरीच राहणं, कुणावर भार न होणं, दुखू नये एवढंच.)

२. कशाची जास्त भीती वाटते?

३. तब्येत अधिक बिघडली, तर मोठ्या दवाखान्यात नेलेलं चालेल का? मशीनवर ठेवलेलं?

४. तुम्ही बोलू शकला नाहीत, तर तुमच्या वतीने कुणी ठरवावं?

५. शेवटचे दिवस कुठे असावेत असं वाटतं?

सुरत, पुणे किंवा नाशिकला असलेल्या मुलाला आणि सासरी असलेल्या मुलीला फोनवर का होईना, या बोलण्यात घ्या. ऐन वेळी बाहेरून आलेला मुलगा ‘सगळं करा, पैसा बघू नका’ म्हणतो, आणि तोवर झालेलं सगळं ठरवणं मोडतं. हे टाळायचं असेल, तर त्यालाही आधी ऐकू द्या.

नियोजनात काय लिहायचं

एक साधं पान पुरतं. आजार, चालू औषधं, निर्णय कुणी घ्यायचा त्याचं नाव, काय हवं आणि काय नको, आणि त्रास वाढला तर पहिल्यांदा काय करायचं. शेवटचा मुद्दा सर्वांत उपयोगाचा. दम वाढला तर माणसाला टेकून बसवा, खिडकी उघडा, पंख्याचा वारा तोंडावर येऊ द्या. या साध्या उपायांनी दमाची घुसमट कमी होते. खाटेला खिळलेल्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्या, म्हणजे पाठीला जखमा होणार नाहीत. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात नळीने अन्न घालण्यापेक्षा, माणूस घेईल तेवढंच, हाताने, सावकाश भरवणं बरं.

तीव्र वेदनांसाठी तोंडाने घ्यायचं मॉर्फिन हे स्वस्त आणि परिणामकारक औषध आहे. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाल्यावर मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणं सोपं झालं. वेदनेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनने व्यसन लागण्याची भीती फार कमी. बद्धकोष्ठता मात्र होते, म्हणून सोबत पोट साफ होण्याचं औषध मागून घ्या.

कागद आणि कायदा

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये निकाल दिला आणि उपचार थांबवण्याचा हा विषय महाराष्ट्राच्या घराघरांत पोचला. पुढे ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने आगाऊ वैद्यकीय निर्देशांना, म्हणजे ‘लिव्हिंग विल’ला, मान्यता दिली. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने त्याची पद्धत सोपी केली. आता सज्ञान आणि शुद्धीत असलेल्या व्यक्तीने दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घ्यायचं. न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाण्याची अट गेली. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या एकाहून अधिक विश्वासू माणसांची नावं त्यात देता येतात. एक प्रत घरच्या डॉक्टरांना द्या आणि एक स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नियुक्त अधिकाऱ्याकडे. त्याबद्दल नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत विचारा. असा कागद असला, तरी उपचार थांबवण्याचा निर्णय एकट्याचा नसतो. रुग्णालयाची प्राथमिक आणि दुय्यम अशी दोन वैद्यकीय मंडळं तो तपासतात. एवढी कागदपत्रं करायची नसतील, तरी वरचं एक पान डॉक्टरांच्या सहीने केसपेपरला लावून ठेवा.

भडगावातून कुठे जायचं

सुरुवात जवळून करा. उपकेंद्रांची आता आयुष्मान आरोग्य मंदिरं झाली आहेत आणि त्यांनी द्यायच्या १२ सेवांत ज्येष्ठांची आणि उपशामक सेवाही आहे. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना आणि आशाताईंना घरातल्या खाटेवरच्या माणसाबद्दल सांगून ठेवा. पुढे प्राथमिक आरोग्य केंद्र, भडगावचं ग्रामीण रुग्णालय, मग जळगाव किंवा धुळ्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. उपशामक सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ पासून आहे, म्हणून जिल्ह्याला गेल्यावर ‘पॅलिएटिव्ह केअर कोण पाहतं?’ असं नेमकं विचारा. कर्करोगासाठी परळच्या टाटा रुग्णालयात या सेवेचा स्वतंत्र विभाग आहे. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचं केंद्र विनामूल्य सेवा देतं. मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून चालू आहे.

सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे भरतीचे उपचार मिळतात. ते कार्ड आधीच काढून ठेवा. ओपीडीच्या गोळ्यांचा खर्च त्यात बसत नाही. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी मदतवाहिनी आहे.

ठरवलेलं पुन्हा पाहा

तब्येत बदलली की माणसाचं मतही बदलतं. ‘मशीन नको’ म्हणणारा माणूस नातवाच्या लग्नापर्यंत टिकायचं म्हणून ‘आठ दिवस ठेवा’ म्हणू शकतो, आणि तो त्याचा हक्क आहे. म्हणून ते पान दर दिवाळीला, दर आखाजीला आणि प्रत्येक भरतीनंतर पुन्हा वाचा, त्यांना वाचून दाखवा, बदल असेल तर तारीख घालून लिहा. पुढच्या भेटीला जाताना तीन गोष्टी सोबत घ्या: सहा महिन्यांची वजनं लिहिलेला कागद, औषधांची पिशवी आणि ‘यांच्या पुढच्या काळाचं आता ठरवायला हवं का?’ हा प्रश्न. डॉक्टर ‘अजून वेळ आहे’ म्हणाले, तर पुन्हा कधी विचारायचं त्याची तारीख केसपेपरवर लिहून घ्या.